कूपरेजचें मैदान आणि घरचा पडदा

मुंबई म्हटली कीं क्रिकेट, हें समीकरण आपल्या मनांत इतकें पक्कें बसलें आहे कीं, या शहरांत एके काळीं फुटबॉललाहि मोठा प्रेक्षकवर्ग होता असें सांगितलें, तर नव्या पिढीला तें खरें वाटत नाहीं. आज गिरगांवांतील किंवा परळमधील एखाद्या शाळकरी मुलाला विचारा. बार्सिलोना, माद्रिद किंवा मँचेस्टर येथील संघांतल्या अकराहि खेळाडूंचीं नांवें तो एका दमांत म्हणून दाखवील. परंतु ज्या कूपरेजच्या मैदानानें मुंबईला पिढ्यान् पिढ्या फुटबॉल दाखविला, तें त्याच्या घरापासून दोन-चार मैलांवर असूनहि तेथें त्यानें बहुधा पाऊल टाकलेलें नसतें. दूरचें इतकें जवळ आणि जवळचें इतकें दूर कसें झालें, याचा इतिहास आज आपणांस थोडक्यांत सांगावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ १८९१ सालीं होतो. त्या वर्षीं मुंबईंत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. पहिला मान वूस्टर पलटणीच्या पहिल्या तुकडीनें मिळविला आणि पुढें चाळीस-पंचेचाळीस वर्षें हा चषक एका गोऱ्या पलटणीकडून दुसऱ्या गोऱ्या पलटणीकडे जात राहिला. १९११ सालीं शहरांतील फुटबॉल संघटना आणि रोव्हर्स स्पर्धा यांचें एकीकरण होऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही संस्था निघाली. त्याच वर्षीं कलकत्त्यास मोहनबागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असें हरवून शील्ड जिंकलें व सबंध देशांत खळबळ उडविली. बारा वर्षांनीं, १९२३ सालीं, तोच मोहनबागान संघ रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. परंतु डरहॅम पलटणीपुढें त्याला हार खावी लागली.

खेळ पाहणें वेगळें आणि खेळांत कोणाचा तरी कैवार घेणें वेगळें. पाहणारा सामना संपला कीं कपडे झटकून घरीं जातो. कैवारी जिंकलेला किंवा हरलेला सामना रात्रीच्या जेवणापर्यंत बरोबर नेतो. १९३७ पूर्वीं कूपरेजवर जमणाऱ्या हिंदी माणसाला पाहण्यास पुष्कळ मिळे, पण कैवार घ्यावा असा विजेता मिळत नसे. तो त्याला १९३७ सालीं मिळाला. बंगलोर मुस्लिम्स या संघानें रोव्हर्स चषक जिंकला आणि पुढील वर्षीं पुन्हां जिंकून पहिला विजय हा योगायोग नव्हता हें सिद्ध केलें. १९४० सालीं कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंगनें चषक नेला, तेव्हां अंतिम सामन्यांत त्याच्यासमोर उभा होता तोहि बंगलोर मुस्लिम्स हाच संघ. पलटणींच्या स्पर्धेंत आतां दोनहि बाजू आपल्याच झाल्या होत्या, आणि प्रेक्षकाला कोणाचा तरी होण्याची सोय झाली होती.

स्वातंत्र्यानंतरचीं वीस-पंचवीस वर्षें हा कूपरेजचा भरभराटीचा काळ. १९५० ते १९५४ अशीं लागोपाठ पांच वर्षें हैदराबाद सिटी पोलीस या संघानें रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे गुरु सय्यद अब्दुल रहीम हे स्वतः शिक्षक होते, ही गोष्ट माझ्यासारख्या शाळामास्तराला विशेष अभिमानाची वाटते. १९५५ सालीं मोहनबागाननें आणि १९५६ सालीं महमेडन स्पोर्टिंगनें चषक नेला. या संघांबरोबर मुंबईंत त्यांचे कैवारीहि उभे राहिले. नोकरीधंद्यासाठीं आलेला बंगाली आपल्या कलकत्त्याच्या संघासाठीं कूपरेजवर येई. महंमदअली रस्त्याच्या बाजूचा मुसलमान महमेडन स्पोर्टिंगसाठीं येई. गोमंतकीय, मलबारी, हैदराबादी असे सारे आपापल्या मुलखाची आठवण घेऊन येत. चित्रपटसृष्टींतील मंडळीहि यांत मागें नव्हती. दिलीपकुमार यांचें फुटबॉलवेड प्रसिद्धच आहे, नट प्राण यांनीं तर स्वतःचा एक संघ पदरीं बाळगला होता, आणि संगीतकार सचिनदेव बर्मन यांची ईस्ट बंगालवरील भक्ति मुंबईंत राहूनहि तिळमात्र कमी झाली नाहीं.

मुंबईचा स्वतःचा नायकहि याच काळांतला. १ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारतानें ऑस्ट्रेलियाला ४-२ असें हरविलें. त्यांत तीन गोल नेव्हिल डिसूझा या मुंबईंत खेळणाऱ्या खेळाडूचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेंत चौथा आला. तो सामना मुंबईच्या कोणा घरांत दिसला नाहीं. त्याची वार्ताच काय ती आली. परंतु दोन वर्षांनीं, १९५८ सालीं, मुंबईच्याच कॅल्टेक्स संघानें रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हां हाच नेव्हिल डिसूझा त्या संघांत होता. कानांनीं ऐकलेला पराक्रमी पुरुष तिकीट काढून डोळ्यांनीं पाहतां येत होता. वार्ता आणि मैदान यांची अशी सांगड होती, म्हणून वार्तेनें प्रेक्षक मैदानाकडे ओढला जाई.

आतां प्रश्न असा येतो कीं, गिरगांव, दादर, लालबाग येथील मराठी माणूस या गर्दींत कोठें होता? तो होता, पण थोडा होता. पांढरपेशा मराठी घरांचा ओढा क्रिकेटकडे होता आणि गिरणगांवांतील तरुणांचा जीव कबड्डीवर होता. कबड्डीचा संघ वाडीचा, गल्लीचा, व्यायामशाळेचा असे. त्यांत खेळणारा मुलगा शेजारच्या खोलींतला असे. मुंबईचे फुटबॉल संघ मात्र बहुतेक कंपन्यांचे होते : टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, मफतलाल, पुढें ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे आणि बँका. या संस्थांनीं खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, कित्येकांचीं घरें उभीं केलीं, हे त्यांचे उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु पगार देणारी कंपनी आणि ‘आपला’ म्हणावा असा संघ यांत अंतर राहतेंच. बँकेचा खातेदार बँकेच्या विजयानें गुलाल उधळीत नाहीं. मुंबईच्या फुटबॉलच्या पायांत हा कच्चेपणा पहिल्यापासून होता. तो उघडा पडावयास पुढें एक निमित्त झालें.

तें निमित्त म्हणजे दूरचित्रवाणी. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई केंद्र सुरू झालें. चाळीच्या एका मजल्यावर एखाद्याच बिऱ्हाडीं संच असे आणि सबंध मजला त्या घरांत मांडी घालून बसे. १९८२ सालच्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षाच्या १५ ऑगस्टला देशांत रंगीत चित्र आलें आणि नोव्हेंबरांत आशियाई खेळांनीं तें घरोघरीं नेलें. लालबाग-परळला तें वर्ष दुहेरी लक्षांत राहिलें आहे. बाहेर गिरण्यांचे भोंगे मुके झाले आणि आंत पडद्याला रंग चढला.

नंतर १९८६ सालचा मेक्सिकोचा विश्वचषक आला. तेथें भर दुपारीं बारा वाजतां सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्रीं साडेअकराला दिसे. २२ जून, रविवारची ती रात्र त्या पिढींतील कोणीहि विसरणार नाहीं. अर्जेंटिना आणि इंग्लंड यांच्या सामन्यांत माराडोनानें एक गोल हातानें केला आणि दुसरा, निम्म्याहून अधिक मैदान पायांखालीं घालून, असा केला कीं, आधींच्या गोलाचा राग धरण्यास कोणाला सवड राहिली नाहीं. पंचाला मैदानांत जें दिसलें नाहीं, तें हजारों मैलांवरील चाळींत पुन्हां पुन्हां दाखविलेल्या चित्रांत पोराबाळांना दिसलें. मी त्या वेळीं नुकताच शिक्षकी पेशांत शिरलों होतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगत होता, आणि जागें असलेलें निम्मे माराडोनाचा हात होता कीं डोकें होतें यावर वाद घालीत होते. फुटबॉलवर असा वाद मीं वर्गांत त्यापूर्वीं कधीं ऐकला नव्हता.

याचा अर्थ, दूरचित्रवाणीनें फुटबॉलचें वेड कमी केलें नाहीं, उलट वाढविलें. जीं मराठी घरें कूपरेजला कधीं गेलीं नव्हतीं, तींहि आतां फुटबॉल पाहूं लागलीं. परंतु हा नवा प्रेक्षक मैदानाकडे वळला नाहीं. जगांतील सर्वोत्तम खेळ घरबसल्या फुकट पाहिलेल्या डोळ्यांना कूपरेजचा खेळ संथ वाटूं लागला. कंपन्यांनींहि हळूहळू हात आंखडता घेतला. रोव्हर्स चषकाची स्पर्धा २०००-०१ च्या मोसमानंतर बंद पडली. एकशें दहा वर्षांची स्पर्धा थांबली, आणि शहरांत तिच्यासाठीं कोणी रस्त्यावर आलें नाहीं. महिंद्र युनायटेडनें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली, पण २०१० सालीं तो संघच मोडला. २००७ सालीं निघालेला मुंबई एफसी हा संघ कांहीं वर्षें कूपरेजवर खेळला आणि २०१७ सालीं तोहि संपला.

मग हा दोष पडद्याचा म्हणावा काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आपण क्षणभर अमेरिकेकडे जाऊं. कारण ज्या देशाचा मुख्य खेळ फुटबॉल नाहीं आणि जेथें दूरचित्रवाणीची सत्ता सर्वांत मोठी, तेथें या खेळाचें काय झालें, हें पाहिलें म्हणजे आपली स्थिति अधिक स्पष्ट होते.

अमेरिकेंत फॉल रिव्हर नांवाचें गिरण्यांचें गांव आहे. आपल्या लालबाग-परळचें तें जणूं मावसभावंड. इंग्लंडांतील लँकेशायरमधून आलेल्या कापड-कामगारांनीं तेथें फुटबॉल नेला. १९२४ ते १९३१ या काळांत त्या गांवच्या मार्क्समेन संघानें राष्ट्रीय चषक चार वेळां जिंकला. परंतु गिरण्यांना उतरती कळा लागली, मंदी आली, आणि १९३१ सालीं संघानें गांव सोडलें. एका गांवाचा खेळ त्याच्या पोटापाण्याबरोबर बुडाला. त्या वेळीं दूरचित्रवाणी कोणाच्या घरांत नव्हती, हें येथें ध्यानांत ठेवावें.

पुढें १९६७ सालीं तेथें नव्या लीगचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवूं लागले. अमेरिकन प्रक्षेपणाला मध्यें मध्यें जाहिरात हवी, आणि फुटबॉल तर पंचेचाळीस मिनिटें अखंड चालणारा खेळ. एका सामन्यांत पंचानें एकवीस वेळां खेळ थांबविला, त्यांपैकीं अकरा वेळां तो केवळ जाहिरातींना जागा करून देण्यासाठीं थांबविला, असें त्यानेंच पुढें सांगितलें. ज्या खेळाला पडद्याच्या सोयीनें श्वास घ्यावा लागतो, त्याचें आयुष्य तें किती? १९७५ सालीं न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघानें पेलेला नेलें. १९७७ च्या ऑगस्टांत त्या संघाच्या एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक आले. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पेलेसह हा संघ कलकत्त्यास येऊन मोहनबागानशीं २-२ असा बरोबरींत खेळून गेला, हें आपणांपैकीं कित्येकांना आठवत असेल. परंतु पेले निवृत्त झाला, दूरचित्रवाणी कंपनीनें पाठ फिरविली, आणि १९८४ च्या मोसमानंतर ती लीगच बंद पडली. एका नांवाभोंवतीं जमलेली गर्दी त्या नांवाबरोबर पांगली.

१९९४ सालीं विश्वचषक अमेरिकेंत भरला. या वेळीं सामने जाहिरातींसाठीं न तोडतां दाखविले गेले. जाहिरातदाराचें चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यांत घड्याळाशेजारीं बसलें. बावन्न सामन्यांना सरासरी ६९ हजारांच्या घरांत प्रेक्षक आले. पण खरा धडा त्याच्या पुढें आहे. १९९६ सालीं सुरू झालेल्या लीगचे संघ आरंभीं दुसऱ्या खेळाच्या अवाढव्य मैदानांत खेळत, आणि वीस हजार माणसें आलीं तरी तीं त्या पोकळींत हरवून जात. १९९९ सालीं कोलंबस गांवीं खास फुटबॉलसाठीं बेताचें मैदान बांधलें गेलें. मग एकामागून एक गांवांनीं तोच मार्ग धरला. पोर्टलंड, सिॲटल अशा गांवांत ढोल आणि झेंडे घेऊन येणाऱ्या कैवाऱ्यांच्या टोळ्या जमल्या. मेस्सी २०२३ सालीं मायामीस गेला तो या पायाभरणीनंतर. पेलेच्या वेळीं खाली पाया नव्हता, मेस्सीच्या वेळीं होता, हा या दोन प्रसंगांतील भेद.

हा धडा मनांत ठेवून आपण पुन्हां मुंबईंत येऊं. २०१० च्या डिसेंबरांत अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठीं सातशें कोटी रुपयांना दिले. त्यांतून २०१४ सालीं इंडियन सुपर लीग निघाली. मुंबई सिटी हा संघ निर्माण झाला. आधीं तो नवी मुंबईंत आणि २०१६ पासून अंधेरीस खेळूं लागला. त्यानें पुढें अजिंक्यपदेंहि मिळविलीं. तरी प्रेक्षकांचें कोडें सुटलें नव्हतें. १ जून २०१८ रोजीं अंधेरीच्या मैदानावर भारतानें चिनी तैपेईला ५-० असें हरविलें, कर्णधार सुनील छेत्रीनें तीन गोल केले, आणि हें पाहण्यास २,५६९ माणसें होतीं. दुसऱ्या दिवशीं छेत्रीनें समाजमाध्यमावरून लोकांना हात जोडून विनंती केली : आम्हांला नांवें ठेवा, शिव्या द्या, पण एकदां मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. धो धो पावसांत मैदान भरलें, एकहि तिकीट उरलें नाहीं, आणि छेत्रीनें दोन गोल केले. ज्या पडद्यानें प्रेक्षक घरीं बसविला होता, त्याच पडद्यावरून आलेल्या हांकेनें तो पावसांत घराबाहेर काढला.

परंतु एका दिवसाच्या हांकेवर कोणताहि खेळ वर्षभर जगत नाहीं. २०२५ सालीं व्यापारी हक्कांचा करार संपत आला, नवा होईना, आणि लीगचा मोसम नेहमीच्या वेळीं सुरूच होऊं शकला नाहीं. खेळाडू तयार, मैदानें तयार, आणि सामने नाहींत! त्याच वर्षीं १४ डिसेंबरला मेस्सी मुंबईंत आला तेव्हां वानखेडे मैदान त्याला नुसतें पाहण्यासाठीं फुलून गेलें. त्या दिवशीं तेथें लीगचा कोणताहि सामना नव्हता. या दोन घटना शेजारीं ठेवल्या म्हणजे मुंबईच्या फुटबॉलप्रेमाची ताकदहि दिसते आणि त्याचें दैन्यहि दिसतें.

याहून वेगळें चित्र पाहण्यास फार लांब जावें लागत नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत कोल्हापूर आहे. तेथें फुटबॉलचे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर यांचे सामने होतात तेव्हां पेठ विरुद्ध पेठ असा सारा गांव दुभंगतो आणि सामना संपल्यावर चहाच्या गाड्यावर पुन्हां एक होतो. विश्वचषकाच्या दिवसांत हेच लोक ब्राझीलचे व अर्जेंटिनाचे झेंडे लावून रात्री जागवितात. पडद्यावरील प्रेम मैदानावरील प्रेमाच्या आड येत नाहीं, कारण मैदानावर खेळणारा पोरगा आपल्या आळींतला असतो. २०१७ सालीं भारतांत भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गांवचा. त्या स्पर्धेला सर्व ठिकाणीं मिळून सुमारे साडेतेरा लाख प्रेक्षक आले होते, म्हणजे प्रेक्षकांचा दुष्काळ या देशांत नाहीं.

तेव्हां इतिहासाचा कौल असा दिसतो. पडदा खेळाची ओढ लावतो. तो खेळाचा शत्रु नव्हे. पण ‘आपला संघ’ ही भावना पडद्यावरून येत नाहीं. ती पायीं जाण्याच्या अंतरावर मैदान असावें लागतें, त्यावर ओळखीचें पोर खेळावें लागतें, आणि हरल्यावर सोबत हळहळणारे शेजारी असावे लागतात, तेव्हां येते. कबड्डीला लालबाग-परळमध्यें हें सारें मिळालें, म्हणून २०१४ सालीं तिची लीग पडद्यावर आली तेव्हां तिच्यामागें कैवाऱ्यांच्या पिढ्या उभ्या होत्या. मुंबईच्या फुटबॉलला हें कंपन्यांच्या दिवसांत मिळालें नाहीं आणि लीगच्या दिवसांतहि पुरतें मिळालेलें नाहीं.

मुंबईंत मोकळी जागा दिवसेंदिवस कमी होत आहे, हें मला ठाऊक आहे. म्हणूनच जेथें चेंडू अजून उसळतो तीं मैदानें राखलीं पाहिजेत, आणि पालकांनीं मुलांना वर्षांतून दोन-चार वेळां तरी तेथें नेलें पाहिजे. दूरच्या संघांचीं नांवें मुलांनीं अवश्य पाठ करावीं. भूगोलहि त्यानें सुधारतो. पण एखाद्या रविवारीं त्यांना कूपरेजला किंवा परळच्या सेंट झेवियर्सच्या मैदानावर घेऊन जा, आणि स्थानिक लीगचा एक साधा सामना दाखवा. तेथें गोल पुन्हां फिरवून दाखविला जात नाहीं, म्हणून सामना चालू असतां डोळे मिटतां येत नाहींत. परततांना मुलानें ‘कोण जिंकलें’ एवढेंच न सांगतां ‘आपण जिंकलों’ किंवा ‘आपण हरलों’ असें म्हटलें, तर मुंबईला आपला एक प्रेक्षक परत मिळाला असें समजावयास हरकत नाहीं.